रबराला लावलेलं तेल

आई, तुला कुठलीच वस्तू कुरकुरलेली खपायची नाही. दाराची बिजागरी, झोपाळ्याच्या कड्या, शेजारणीच्या पाळण्याचा आकडा, कुठून जरा किर्र आवाज आला की तू शिलाई मशीनच्या खणातली तेलाची कुपी घेऊन हजर. दोन थेंब सोडायचीस, बोटानं फिरवायचीस आणि आवाज बंद झाला की स्वतःशीच मान हलवायचीस. वस्तू ओरडते म्हणजे तिला तेल पाहिजे, एवढं तुझं साधं शास्त्र होतं, आणि तुझी ती जुनी मशीन त्याच्यावरच इतकी वर्षं चालली. मी त्या वेळी आठवीत होते आणि माझं शास्त्र पुस्तकातलं होतं. घर्षणाचे फायदे आणि तोटे. सहामाही परीक्षेत तो प्रश्न हमखास येतो, असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून मी घरभर ते मोठ्यानं घोकत फिरायची आणि तू कंटाळून कानावर पदर घ्यायचीस.

त्या वर्षी बाबांनी नवरात्र तापात काढलं. खंडेनवमीला सायकल उलटी करून घासायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, हे दर वर्षी त्यांचं काम. आमच्याच कशाला, गल्लीतल्या प्रत्येक दारात तेच चाललेलं असे. त्या वर्षी बाबा खाटेवरून उठू शकत नव्हते, म्हणून ते काम तू केलंस. मला अजून दिसतेस. पदर खोचलेला, नाकाला काळं लागलेलं, चाकाची एकेक काडी फडक्यानं पुसत अंगणात बसली आहेस. धाकटा भाऊ तुझ्या पाठीशी चाकं गरगर फिरवतो आहे. झेंडूची माळ हँडलला बांधून तू लांब उभी राहून बघितलंस आणि म्हणालीस, "नवीन आणल्यासारखी दिसून राहिली ना वं?" दिसतच होती.

दसऱ्याला बाबांचा ताप उतरला. संध्याकाळी पुलापलीकडे काकांकडे सोनं द्यायला जायचं म्हणून ते निघाले आणि धाकट्याला त्यांनी दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवलं. तू नको म्हणालीस, तापातून उठलेल्या माणसानं दमू नये म्हणून. बाबा हसले. "सायकल पाहा ना, एकटीच चालते आता." ते गल्लीच्या वळणाआड गेले आणि आपण आत आलो. तू पुरण वाटायला बसलीस. मी दाराशी बसून पुन्हा पाठ सुरू केला, की तेल लावल्यानं घर्षण कमी होतं.

"मग!" तू वाटता वाटता म्हणालीस. "म्हणून तं सगळीकडं लावलं. चेनले लावलं, चाकाच्या कडेले लावलं, ब्रेकच्या त्या रबरालेही लावलं. किती ओरडून राहिलं होतं ते! आता तुह्या बाबाले जड नाही जाणार."

आई, माझं घोकणं तिथंच थांबलं. माझ्या समोर पानं उघडी होती, त्यात फायद्यांमध्ये पहिलाच फायदा लिहिला होता, ब्रेक. रबर चाकाच्या कडेला घासतं म्हणून चाक थांबतं. रबर ओरडतं, कारण ते पकडतं. आणि तू त्याला तेल पाजून गप्प केलं होतंस. गल्लीत काही कळणार नाही, रस्ता सपाट आहे, हेही मला लगेच समजलं. कळणार ते पुलावर. चढ संपेल, उतार लागेल, बाबा ब्रेक दाबतील आणि गाडी थांबणार नाही. उताराच्या खाली टांगे, हातगाड्या, दसऱ्याची गर्दी. सगळ्यात पुढे, हँडलला धरून, आपला धाकटा.

तुझ्याकडे बघून मला बोलायचं धैर्य झालं नाही. तू पुरणात वेलची टाकत होतीस. शाई आणते म्हणून मी बाहेर पडले आणि मोठ्या रस्त्यापर्यंत धावले. इतवारी बाजाराकडून येणारी माणसं नव्या कपड्यांत, हातात आपट्याच्या फांद्या, एकमेकांना नमस्कार करत चालली होती. मला त्यांचा राग आला. बाबा केव्हाच दिसेनासे झाले होते. मी तिथल्या विजेच्या खांबाला धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात सायकलला अडवत राहिले. समोरून वारा येऊ दे. रस्ता खडबडीत असू दे. चेन तुटू दे. कुणी घाईघाईनं गल्लीकडे वळलं की मला वाटायचं, हा निरोप घेऊन आला. मग रिकाम्या हातानं घरी आले. तू शाई विचारलीस, मी दुकान बंद म्हणाले. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत मी तुझ्यासमोर बसून पुरणपोळ्या उलटत होते आणि तू म्हणत होतीस की पोरगी आज शहाण्यासारखी मदत करते आहे.

ते आले. चालत आले, सायकल हातात धरून. धाकटा बाबांच्या कडेवर झोपला होता आणि त्याच्या केसांत रेती होती. बाबा तुला म्हणाले, "चपलीचा अंगठा तुटला, म्हणून पायीच आलो." तू धाकट्याला आत नेलंस. मी बाबांच्या पायाकडे पाहिलं. चपलीची टाच नव्हतीच. पायाची टाच सोललेली होती. बाबांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं की मला माहीत आहे.

"ब्रेक लागलाच नाही बेटा," ते हळूच म्हणाले. "पाय घासत घासत आणली. खाली कोणाच्या तरी घराच्या बांधकामाची कन्हान नदीची रेती पडली होती, तिच्यात घातली." त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तुह्या आईले सांगू नको. तिले जन्मभर झोप नाही लागणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीतली राख घेऊन सायकलपाशी बसले. ज्या राखेनं तू भांडी घासायचीस तिनंच मी चाकाच्या कडा घासल्या, रबरं सोडाखारानं धुतली, तेलाचा ओशट वास जाईपर्यंत. तू पाण्याची कळशी घेऊन आलीस आणि थबकलीस. "काहून घासून राहिली वं? एवढं चमकवलं होतं मी." मी घासतच राहिले. "माह्या हातचं काही पटतच नाही या घरात कोणाले," म्हणालीस आणि आत गेलीस. पुढच्या खंडेनवमीला बाबांनी तुझ्या हातातून फडकं काढून घेतलं, हसत हसत, पण काढून घेतलं. तू पुन्हा कधी सायकलला हात लावला नाहीस.

आता मी शाळेत शास्त्र शिकवते. घर्षणाचा धडा आला की ब्रेकचं उदाहरण मी स्वतः देत नाही, मुलांकडून वदवून घेते आणि त्या वेळी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. कुठल्याही पुलाच्या उतारावर मी अजून सायकलवरून उतरते. लोक हसतात, हसू देत.

शेवटच्या आजारात, बाबा जाऊन बराच काळ झाल्यावर, तू एकदा विचारलं होतंस, "मी पुसलेली सायकल तुमाले आवडली नव्हती ना वं?" इतकी वर्षं तू ते मनात ठेवलं होतंस. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पण मला परत ती रेती दिसली, आणि मी तुझी उशी नीट करत म्हणाले, काहीतरीच काय आई.

ती सायकल तशी पुन्हा कधी चमकली नाही, आई. एवढंच लिहायला बसले होते, आणि बाकीचं सगळं लिहून बसले. तुझा पत्ता असता तरी हे मी टपालपेटीत टाकलं नसतं. तुला कळेल, याची मला अजूनही भीती वाटते.