मी भरलेली ओटी

आई, तुला अक्षर येत नव्हतं, मलाही आलं नाही. पण आता मी बोलते आणि फोन लिहून घेतो. उलट उत्तर देत नाही, तेवढ्यापुरता तो माझ्या मुलापेक्षा बरा.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीला, मुलाच्या घरी बसून कंटाळा यायचा, म्हणून मी एका डबेवालीच्या किचनमध्ये पोळ्या लाटायला जायला लागले. मालकीण आपल्यातलीच. मला आई म्हणते, कामाच्या बायकांना ताई म्हणते, आणि कुणी सुट्टी मागितली की म्हणते, घरच्या कामाला कसली सुट्टी? तिथे नागपूरकडची एक बाई होती. व्हिसा संपलेला, पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. मार्चमध्ये कढई कलंडून तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कढईचा कान मोडलाय हे सगळ्यांनी सांगून झालं होतं, मीही दोनदा सांगितलं होतं. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, हळद लावली.

तुझी पणती, म्हणजे माझी नात, ब्रसेल्सला असते. परदेशातून कामाला आलेल्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थेत आहे. सभांमधून तुझी गोष्ट सांगते: विडी कारखान्यातून एका बाळंतिणीला काढलं, तेव्हा तू सगळ्या बायकांना सुपं खाली ठेवायला लावून बाहेर आणलंस. गोष्ट मीच तिला पुरवली. मी एकटीच मुनिमानं दिलेला लाडू खात आत विड्या वळत बसले होते, तेवढं मात्र पुरवलं नाही. तू कान धरून मला फाटकाबाहेर काढलंस. "तू गप्प बसलीस म्हणजे त्याच्या बाजूनं बोललीस," म्हणालीस. दहा वर्षांची होते गं मी.

त्या भाजलेल्या हाताचं मी सांगितलं, तेव्हा नात फोनवर म्हणाली, "आजी, पेपर्स नसले तरी कायदा तिच्या बाजूनं आहे. तिथली आमची माणसं येतील. तू फक्त पाहिलंस ते सांग, ओके?" मी ओके म्हटलं. मुलगा म्हणाला, आई, मला इथल्या महाराष्ट्र मंडळात तोंड दाखवायचंय, तू यात पडू नकोस. मालकिणीला कुणकुण कशी लागली, ते त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकिणीनं त्या बाईचं तिकीट काढलं, साडी आणली, नारळ आणला आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही मोठ्या, तुमच्या हातानं ओटी भरा." हळदीकुंकवाला मला कोपऱ्यात बसवणारी ही, म्हणे अमेरिकेत आपण विधवा वगैरे मानत नाही. त्या बाईनं डाव्या हातानं पदर पुढे केला. उजव्याला ओढणी गुंडाळलेली. हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी बोला. मला नाही जायचं." मी तांदूळ घातले, नारळ ठेवला. सुखानं जा, म्हटलं.

मला कसली भीती होती, सांग? माझे कागद पक्के, दात पडलेले. तरी संस्थेची माणसं आली तेव्हा मी म्हटलं, मी आपली नुसती येऊन बसते. नातीनं विचारलं, त्या मावशी का गेल्या गं? म्हटलं, घरची आठवण यायची तिला. बिचारीनं मानलं.

हे कुठे पाठवायचं नाही. तुझा पत्ता नाही, आणि जिचा पत्ता आहे तिला दाखवायची छाती नाही. मी अजून जाते तिथे, आई. घरी दिवसभर मला कुणी हाक मारत नाही.