तिसरी ओळ

४ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक मिळालं. पाकिटाचा एक कोपरा दुमडला होता, तो इस्त्रीखाली धरून सरळ केला. मामा म्हणाले, नववीत शाळा सोडलेल्या पोराला कॉम्प्युटरची भाषा शिकवायची म्हणजे कापडाविना काज करायला लावण्यासारखं आहे. पण पहिलं प्रकरण त्यांनीही चोरून वाचलं. त्यावर खडूचे ठसे आहेत.

दुकानात कॉम्प्युटर नाही हे तुला माहीतच आहे. मग मी ठरवलं की कॉम्प्युटर आपणच व्हायचं. पुस्तकात लिहिलंय की व्हेरिएबल म्हणजे एक डबी, तिच्यात एक गोष्ट ठेवायची. डब्या आपल्याकडे भिंतभर आहेत. मी प्रोग्रॅम खाकी कागदावर लिहून भिंतीला टाचतो आणि काज करता करता एकेक ओळ पाळतो. लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही, आणि हातातली ओळ पुरी झाल्याशिवाय पुढच्या ओळीकडे जायचं नाही. एकदा चालू केलेल्या प्रोग्रॅममध्ये खाडाखोड करायची नाही, हा नियम मात्र माझा. खरं तर बाबांचा. कात्री लागली की खूण बदलायची नाही, असं ते म्हणायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली तरी मामांनी त्यांच्या कटिंगच्या टेबलावर दुसरा माणूस बसवलेला नाही.

सोबत एक प्रोग्रॅम पाठवतो आहे. तुझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालवून काय उत्तर येतं ते कळव. माझ्या डबीत शेवटी सात बटणं उरली. आईच्या गुडघ्याला आता उतार पडला का? उत्तर लवकर धाड. वाट बघायला लागलो की माझं काज वाकडं होतं.

तुझा,
सुतळी


१३ जून

चि. सुतळीस,
अ. उ. आ.

सातच आले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी ऐटीत सांगितलं की माझा भाऊ हेच बटणांवर करतो. त्या म्हणाल्या, त्याला इकडे बोलवा, आमचा कॉम्प्युटर रोज बंद पडतो. आईचा गुडघा बरा आहे. ती म्हणते, पोराने डोळ्यांना जपावं, दिवसभर सुई आणि वर हे पुस्तक.

दुसऱ्या प्रकरणातला, नाव विचारणारा प्रोग्रॅमही चालवून पाहिला. त्याने माझं नाव विचारलं आणि मी नेमकी जेवायला उठले. परत येऊन बघते तर बिचारा तसाच ताटकळत. उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ नाही म्हणजे नाही. तुझाच भाऊ शोभेल.

पुढे लूपचं, म्हणजे त्याच ओळी फिरून फिरून पाळायचं, प्रकरण आहे, तिथे जरा जपून. न थांबणारा लूप मी चुकून चालू केला आणि शेवटी शिपायाने तारच ओढली. तुला तार नाही, एवढं ध्यानात ठेव. मामांना नमस्कार सांग. आमची आठवण येते का, हेही कधीतरी लिही, नुसती बटणं नकोत.

तुझी,
ताई


२४ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

आठवण येते. आधी तेच लिहितो, नाहीतर तू रागावशील.

लूपच्या प्रकरणात एक अभ्यास दिला आहे. जी अट कधीच पुरी होणार नाही अशी अट घाला, आणि लूपच्या खाली काहीही लिहा, कॉम्प्युटर तिथवर पोचणारच नाही. मी दोन दिवस विचार केला. पाऊस म्हटलं तर तो कधीतरी पडतोच. मामा उधारी मागायचं सोडतील म्हटलं, तर तेही एखाद्या दिवशी होईल. कधीच होणार नाही अशी खात्रीची गोष्ट मला एकच सापडली. वाईट वाटून घेऊ नकोस. मी असं लिहिलं:

१. जिन्याकडे बघ.
२. बाबा आले नसतील तर डबीत एक बटण टाक आणि पहिल्या ओळीवर जा.
३. आले असतील तर ताईला कळव.
४. मग बाबांबरोबर जा.

सोमवारपासून चालू आहे. एक काज झालं की जिन्याकडे बघायचं, बटण टाकायचं. हाताला इतकी सवय झाली की मामांशी बोलतानाही चुकत नाही. थांबवायचं कसं हे मात्र पुस्तकात माझ्यासारख्यासाठी लिहिलेलं नाही. तिथे एक कळ दाबायला सांगितली आहे.

काल डबी भरली म्हणून रिकामी करायला घेतली. त्यात एक मोठं तपकिरी बटण निघालं. मी टाकलेलं नाही. आपल्या दुकानात त्या जातीचं बटणच नाही. चारही भोकांत दोरा होता आणि टाका माझ्या हाताचा होता. मामांना दाखवलं तर म्हणाले, कुणा गिऱ्हाइकाचं पडलं असेल. तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं, डावं जरा घासत येणारं. निम्म्यावर येऊन थांबलं. मामा म्हणाले, इस्त्रीवाला असेल. इस्त्रीवाला वर आला नाही.

असं बटण तुला कुठे पाहिल्यासारखं आठवतं का? तेवढं लिही. बाकी क्षेम.

तुझा,
सुतळी


१ जुलै

चि. सुतळीस,
अ. उ. आ.

आठवतं. बाबांच्या कोटाचं आहे, आणि डावं पाऊल घासत तेच यायचे. वरचं बटण निघालं होतं आणि ते गेले त्या दिवशी सकाळी तूच ते शिवलंस. मग त्यांना नेताना तो कोट आपण त्यांच्या अंगावर तसाच ठेवला. तुझ्याही लक्षात आहे हे मला ठाऊक आहे, तरी तू विचारतोस.

हे मिळताक्षणी तो कागद फाड. खूण बदलायची नाही वगैरे राहू दे. बाबांनी ते कापडाबद्दल सांगितलं होतं. फाडवत नसेल तर निदान चौथी ओळ खोड. अरे, असलं वाक्य कुणी गंमत म्हणूनसुद्धा लिहितं का? साहेबांकडे रजा मागितली आहे, महिनाअखेरीस मिळेल. मी येईपर्यंत जिन्याकडे पाठ करून बस. आईला काही बोललेले नाही. कागद फाडलास एवढं कळव, म्हणजे मला अन्न गोड लागेल.

तुझी,
ताई


५ जुलै

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी आलं. कागद काल फाडला असता तर चाललं असतं. बाबा काल दुपारी आले.

मामा अस्तराचं कापड आणायला गेले होते. मी काज पुरं करून वर बघितलं तर ते दारात उभे होते. अंगावर कोट होता, वरचं बटण नव्हतं. आत आले आणि आपल्या टेबलाशी बसले. तेव्हापासून तिथेच आहेत. मामा त्यांच्यासमोरून जातात, येतात. त्यांना फक्त गार वाटतं, म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. मी बघत नसलो की कात्रीचा आवाज येतो. बघितलं की थांबतो. कापड मात्र अखंडच असतं.

आल्यावर ते एकच बोलले, "झालं का रे तुझं?" दुकान बंद करताना विचारायचे तसंच. रागावलेले नाहीत. घाई मात्र आहे.

ताई, मला जायचं नाही. पुस्तकाची अजून पाच प्रकरणं राहिली आहेत, आणि मला तुम्हा दोघींना बघायचं आहे. पण ते समोर बसलेले असताना कागदाला हात लावायला मला धीर होत नाही. मी त्यांना तिसरी ओळ दाखवली. म्हटलं, ताईला कळवायचं आहे, ते पुरं झाल्याशिवाय चौथी नाही. त्यांनी मान हलवली. नेमाचा माणूस.

हे पत्र म्हणजे ती तिसरी ओळ. पण नुसतं पेटीत टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही. तुला कळलं हे मला कळेल तेव्हा ती पुरी होईल. म्हणून तुझ्या पाया पडून सांगतो, उत्तर लिहू नकोस. कुणाकडून निरोप धाडू नकोस. येऊही नकोस. तू गप्प आहेस तोवर ते वाट बघतील. वाट बघायचा त्यांना कंटाळा नाही.

आईला माझा नमस्कार तू मनातल्या मनात सांग. आजवर प्रत्येक पत्रात उत्तर मागितलं, या वेळी न येण्याची वाट बघतो.

तुझा,
सुतळी


१९ जुलै

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सुतळीवर लक्ष ठेवा म्हणतेस, ते तर ठेवतोच आहे. त्याचं पत्र मिळाल्याबद्दल त्याच्याजवळ चकार शब्द काढू नका, हे काही मला समजलं नाही. भावाबहिणीत कसला हा अबोला? तू कारण लिहीत नाहीस, तो सांगत नाही, आणि मधल्यामध्ये या म्हाताऱ्याने काय समजायचं?

पोरगा कामाला चोख आहे, तक्रार नाही. पण पोस्टमन दिसला की हातातलं टाकून मागच्या खोलीत जाऊन बसतो. जेवण निम्म्यावर आलंय. मला बघवेना. म्हटलं, दोघं एकमेकांवर रुसून झुरताहेत, कुणीतरी मोठ्याने मधे पडायला हवं. आज दुपारी सांगून टाकलं, बाबा रे, तुझं पत्र ताईला कधीच मिळालंय, ती तिकडे काळजी करते आहे, सोड आता.

ऐकून घेतलं त्याने. वाटलं होतं, चेहरा खुलेल. त्याने हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला, सुई उशीला टोचली. भिंतीवरच्या त्या कागदाकडे एकदा बघितलं. मग चपला घातल्या आणि म्हणाला, "मामा, जातो." मी ओरडलो, जातो काय म्हणतोस, येतो म्हणावं. तो दार उघडून जरा बाजूला सरून उभा राहिला, वडीलधाऱ्याला आधी जाऊ द्यावं तसा. मग गेला. चहाला गेला असेल. खोलीतला गारवा मात्र एकदम गेला, मी खिडकी उघडून बसलोय.

तुम्हा दोघींची खुशाली कळवत जा, आणि मामावरची माया आटू देऊ नका.

तुझा,
मामा

ता. क. खालची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. तो आला की त्याच्याच हातून दोन ओळी लिहवून घेतो, मग पाकीट बंद करतो. दिवेलागण झाली, एवढ्यात येईलच.