पट्ट्यातलं भोक

३ जून, मंगळवार. लातूर

नवं काम धरलं. क्लासवाल्यांनी एक जुनी दुमजली इमारत घेतली आहे. वरच्या मजल्यावर साठ कॉम्प्युटरांचा परीक्षा हॉल होणार. साठ मशीन म्हणजे साठ केबली, सगळ्या शेजारच्या खोलीत नेटवर्कच्या रॅकला यायच्या. भिंती विटांच्या, जाड. भूकंपानंतर लगेच बांधलेली इमारत, त्यामुळे दाराखिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना काँक्रीटचा पट्टा फिरवलेला आहे. आत शिरल्याबरोबर तो पाहिला. लोक हॉलमध्ये शिरले की फरशी बघतात, एसी बघतात. मी पट्टा आहे का बघतो, मग दार किती पावलांवर आहे ते.

मॅनेजर कुलकर्णी सर (कु. सर) म्हणाले, "पंधराला पहिली टेस्ट. चौदाला मला सगळे दिवे हिरवे पाहिजेत." हो म्हणालो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तनूला ए बॅच मिळाली ती त्यांच्या शब्दावर. तिला चार मार्क कमी पडत होते. आता तीही याच हॉलमध्ये टेस्टला बसेल. बाप केबल ओढणार, लेक तिच्यावर पेपर देणार. रेखाला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. बायकोला कशाकशाचं रडू येतं!

५ जून, गुरुवार

घोटाळा झाला.

हॉल आणि रॅकची खोली यांच्यामधल्या भिंतीला तीन इंची भोक पाडायचं होतं. त्यासाठी उदगीरहून बसप्पामामांना बोलावलं. साठीचे आहेत, कोअर कटिंगच्या मशीनवर हात बसलेला, कपाळावर भस्म, बोलणं कमी. मी भिंतीवर प्लास्टिकच्या पट्टीसाठी (केबल झाकायची, दुसरी कोणती) पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती. रेघ पट्ट्याच्या खाली वीतभर. मी खाली रॅकचं सामान उतरवत होतो. मामांचा फोन आला, "कुठं मारू?" मी म्हणालो, "पट्टीच्या लायनीत मारा."

वर आलो तोवर मशीनचं पाणी पायऱ्यांवरून उतरत होतं आणि भोक पट्ट्यात होतं. बरोबर मधोमध.

"मामा, हे काय केलंत?"

"तुम्हीच तर म्हणलाव, पट्टीत मारा म्हणून."

"मी प्लास्टिकच्या पट्टीचं म्हणालो!"

"आमच्याकडं ह्यालाच पट्टी म्हंत्यात की. दोन सळया लागल्या, लई जड गेलं. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल." मग भोकाकडे पाहून म्हणाले, "शिवा शिवा."

मशीनमधून निघालेला काँक्रीटचा गोळा त्यांनी माझ्या हातात दिला. नारळाएवढा, ओला, गरम. दोन्ही बाजूंना कापलेल्या सळयांची टोकं चकाकत होती, नव्या रुपयासारखी.

माझीच चूक. फोनवर सांगायचंच कशाला? चार पायऱ्या चढलो असतो तर? वीस वर्षं पट्टी-पट्टी करतो आहे, त्या शब्दाने असा दगा दिला.

६ जून, शुक्रवार

केबली त्याच भोकातून ओढल्या. काय करणार, दिवस कमी. साठच्या साठ. पंचिंग करताना, म्हणजे केबलीतल्या तारा खाचांत बसवताना, त्यांचे रंग मनात म्हणत होतो, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. एरवी त्याने डोकं शांत होतं. आज नाही झालं.

प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना लेबल. हॉ-१ ते हॉ-६०. माझ्या कामात लेबल नसलेली गोष्ट नसते, त्यावरच तर माझं नाव आहे. त्या भोकाला मात्र लेबल नाही. संध्याकाळी खोट्या छताची माणसं येऊन पांढऱ्या चौकटी बसवून गेली. भोक दिसेनासं झालं.

गोळा माझ्या अवजारांच्या पिशवीत आहे. का ठेवला, माहीत नाही. टाकवत नाही.

८ जून, रविवार. गाव

अण्णांना, माझ्या वडिलांना, भेटायला भूकंपानंतर बसलेल्या नव्या गावी गेलो. नवं म्हणायचं, झाली आता किती वर्षं. हे गाव बसलं तेव्हा अण्णा स्वतः बांधकामावर मजूर होते. घरोघरी पट्ट्याच्या सळया त्यांनी वाकवल्या. अजून कुणी भिंतीत खिळा ठोकायला निघालं की ओट्यावरून ओरडतात, "पट्टा सोडून मार रे!"

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. "अण्णा, पट्टा एका जागी तुटला तर काय होतं?"

त्यांनी घास खाली ठेवला. "पट्टा म्हंजे घराचा करदोडा हाय. चारी भिंती एकाला एक धरून ऱ्हात्यात त्येच्यानं. करदोडा तुटला तर तसंच हिंडतंय का कुणी? लगी दुसरा बांधत्यात." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "कुणाचा तुटला?"

"एका दोस्ताचा."

"दोस्ताला म्हणावं, बांध."

जित्या माणसाच्या कमरेचा करदोडा कुणी तोडत नाही. तोडतात तो कधी, ते मला माहीत आहे. भूकंपाच्या रात्री मी सात वर्षांचा होतो. उकडत होतं म्हणून मी अंगणात बाजेवर होतो आणि बहीण, शोभाताई, आत. आमच्या जुन्या घराला पट्टा नव्हता, नुसते दगड आणि पांढरी माती. ती नऊ वर्षांची होती. मला तिचा राग येतो कधीकधी, बाहेर का नाही आली म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१० जून, मंगळवार. नांदेड

इथे एका दवाखान्याचं दोन दिवसांचं काम. साइटवर इंजिनीअर शेख मॅडम आहेत, बांधकाम बघतात. चहाच्या वेळी धीर करून म्हणालो, "मॅडम, एका दोस्ताकडून असं असं झालंय." गोळ्याचा फोटो दाखवला.

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "दोन्ही सळया कटल्यात. तुमचा दोस्त लई काटेकोर दिसून राहिला, भोक एकदम गोल पाडलंय." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "एका भोकानं इमारत पडत नाही भाऊ, घाबरू नका. पण सिमेंट भरून भोक बुजवलं म्हणजे पट्टा जोडला, असं होत नाही. दोन्हीकडून फोडून जुन्या सळया उघड्या करायच्या, नव्या जोडायच्या, मग काँक्रीट. चार-पाच दिवसांचं काम. आणि दोस्ताला म्हणावं, आधी मोज. त्या एकट्यानंच भोक पाडलं का?"

हा विचार मी केलाच नव्हता.

परतीच्या एस.टी.त अहमदपूरपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. गाडी खड्ड्यात आदळली की पाय चपला चाचपायचे. रेखा म्हणते, पंखा हलला तरी तुम्ही चप्पल शोधता. शोधतो. माझ्या वयाची आमच्याकडची निम्मी माणसं शोधतात, फक्त सांगत नाहीत.

११ जून, बुधवार. लातूर

हॉलमध्ये शिडी लावली, छताच्या चौकटी एकेक सरकवून बॅटरीने सगळा पट्टा पाहिला.

सात. माझं धरून सात जागी तोडला आहे. एसीच्या नळ्यांना दोन ठिकाणी छिन्नीने फोडलाय, एकीकडे पाण्याची पाइप, कॅमेरेवाल्यांची दोन, आणि एक कशाचं ते कळलंच नाही, नुसतंच फोडून सोडलेलं. हॉलच्या एकाही भिंतीचा पट्टा सलग उरलेला नाही. प्रत्येकाने आपलं एकच भोक पाडलं. प्रत्येक जण माझ्यासारखाच घरी जाऊन जेवला असेल.

खरं लिहितो. क्षणभर बरं वाटलं. मी एकटा नाही, असं. मग शिडीवरून उतरून दारापर्यंतची पावलं पुन्हा मोजली.

१२ जून, गुरुवार

कु. सरांच्या टेबलावर गोळा ठेवला. सगळं सांगितलं, आधी माझं, मग बाकीच्या सहांचं.

सर वाईट माणूस नाही. गोळा हातात घेऊन फिरवून पाहिला. घाम पुसला. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतंय मला. पण रविवारची तारीख जाहीर झालेली. पालक परगावाहून येणार, हिमायतनगरपासून. एवढी टेस्ट होऊ द्या. मग बघू."

"सर, मग रोजच टेस्ट आहे."

"भूकंप काय रविवारी येणार आहे का?"

आमचा आला तेव्हा तरी कुणाला वार सांगून आला होता? पण हे तोंडातून निघालं नाही. मी तोंडाचा असा पांगळा. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तनू काय म्हणते? अभ्यास सुरू आहे ना?" धमकी नव्हती ती. साधी चौकशी असेल. पण गोळा परत पिशवीत टाकताना आधीपेक्षा जड लागला.

१३ जून, शुक्रवार

रेखाला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. बराच वेळ भाकऱ्या थापत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला सगळीकडं भूकंपच दिसतो. लेकराची बॅच घालवू नका त्याच्यापायी."

थोड्या वेळाने स्वतःच: "ती कुठल्या जागेवर बसणार हाय?"

तनूने आतून ओरडून सांगितलं, "हॉ-सतरा! लिस्ट लागली!"

हॉ-१७ माझ्या भोकाच्याच भिंतीला लागून आहे. लेबल मीच चिकटवलं होतं. रेखाने तवा उतरवला. मला म्हणाली असती 'जाऊ द्या', तर मी कदाचित जाऊ दिलं असतं. ते तिला कळलं असावं.

१४ जून, शनिवार

सकाळी हॉल उघडायला गेलो. टेस्टर लावला, साठही हिरवे. कु. सरांना दाखवले, त्यांनी पाठ थोपटली. ते गेले.

तासभर बसून राहिलो.

मग शिडी लावली. पट्टा जोडायचा तर त्या भोकातून केबली निघायलाच हव्यात, हे कुठल्याही मिस्त्रीने सांगितलं असतं. म्हणजे हे दुरुस्तीचंच काम झालं. असं स्वतःला समजावत होतो. रॅककडची साठ टोकं सोडली आणि केबली एकेक करून हॉलकडे मागे ओढून घेतल्या. कापल्या नाहीत एकही. वेटोळं करून छताला टांगलं. ओढायला अख्खा दिवस लागला होता, काढायला दुपारपर्यंतचा वेळ.

आयुष्यात केलेलं काम स्वतःच्या हाताने पहिल्यांदा उपसलं. चोरासारखं वाटलं. आणि हलकंही.

मग लेबलं लिहिली, सात. पहिलं माझ्या भोकाशी: 'पट्टा तुटला आहे. सळया जोडल्याशिवाय केबल घालू नये.' खाली माझं नाव, आजची तारीख. बाकीच्या सहांना नावं कुठून आणू, नुसते आकडे टाकले, दोन ते सात. छताच्या चौकटी उघड्याच ठेवल्या. कु. सरांना निरोप टाकला: हॉल उद्या चालणार नाही. कारण वर लिहून ठेवलं आहे.

बसप्पामामांना फोन केला. ऐकून घेतलं, लिंगायत रिवाजाचा नमस्कार करून म्हणाले, "शरणार्थ. फोडायला मी येतो. भोक माज्या हातचं हाय."

कु. सरांचे अकरा फोन. उचलले नाहीत. भ्यालो.

१५ जून, रविवार

तनू आठला निघाली, साडेदहाला परत. माझ्याकडे न बघता सँडल काढले.

"हॉल बंद आहे. सगळ्यांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवून कागदावर पेपर घेतला. पालक भांडत होते." मग म्हणाली, "पोरं विचारत होती, कुणी केलं. वर नाव लिहिलंय म्हणे."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही." पाणी प्यायली. "मी वर जाऊन वाचून आले बाबा. सातही वाचले."

एवढं बोलून आत गेली. रागावली आहे की काय, कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

कु. सरांचा दुपारी निरोप, एकच ओळ: 'उद्या सकाळी दहाला या. ट्रस्टी येणार आहेत.' पट्ट्याबद्दल अक्षर नाही. बॅचबद्दलही नाही. दहाला काय होईल? पोलिसात देतील? दुसऱ्याला बोलावून त्याच भोकातून केबली ओढायला लावतील? तेही करतील. माझं लेबल फाडायला किती वेळ लागतो? पिशवीत लेबलांचा आणखी एक रोल ठेवला.

संध्याकाळी अण्णांचा फोन. तब्येत, हवा, म्हैस. ठेवता ठेवता विचारलं:

"आन् दोस्ताचा करदोडा? बांधला का त्यानं?"

"अजून न्हाई, अण्णा. तुटलाय हे सांगितलं समद्यांना. उद्या दहाला मोठ्या लोकांनी बोलावलंय त्याला."

पलीकडे म्हैस हंबरली.

"दोस्ताला म्हणावं," अण्णा म्हणाले, "उद्या इस्त्रीचा शर्ट घालून जा."