नायकाच्या बैलाचा खटला

माननीय न्यायमूर्ती देवसिंगजी साहेब यांले (हे वरचं खोडून, भाऊ देवा, तुले),

शंकरसिंगचा जय सेवालाल. मी तुह्याहून दोन वर्षांनी मोठा, वरून तांड्याचा नायक, तरी 'तू' दोनदा खोडून मंग लिहिलं. इकडे सारे खुशाल आहेत. कापूस बोंडावर आला. तुही याडी, म्हणजे माही मोतीकाकी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी बी दोन भाकरी मोडते अन् सुनायले नावं ठेवते. तब्येत बिघडली ते माहीच. घाटंजीच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणे आजार काही नाही, तुम्ही कोणाचं तरी भेव घेतलं. मी हो म्हणलं, पण कोणाचं थे सांगतलं नाही. (तुहं.)

झालं असं, का तुहा सत्कार ठरला अन् आश्रमशाळेच्या हेडमास्तरनं तुहा जीवनपट लिहाचं काम माह्या गळ्यात टाकलं. शेवटाकडून सारं सोपं आहे. तू आता नागपूरले हायकोर्टात अपील ऐकते, त्याच्या आधी जिल्हा न्यायाधीश, त्याच्या आधी केळापूरच्या कोर्टात वकील (पहिला पक्षकार मीच होतो अन् आपण हरलतो, थे गाळलं), त्याच्या आधी यवतमाळले कायद्याचं कॉलेज, त्याच्या आधी घाटंजीची आश्रमशाळा. पण अकरा वर्षांचा देवसिंग तांडा सोडून आश्रमशाळेत गेला काहून? इथं माहा पेन अडकला. पेपरवाले 'शिक्षणाची ओढ' लिहितात. तू ओढीनं नाही, निकालानं गेलता, हे आपल्या दोघायले मालूम आहे.

तुले आठवण द्याची गरज नाही, पण चव्वेचाळीस वर्षांचं पोटात आहे, निघू दे. पोळ्याच्या आदल्या दिवशी नायकाचा बैल लंगडला. तोरणाखाली पहिला उभा राह्यते थो बैल, मंग तांड्याची इज्जत गेली म्हणून नसाब भरला. (नसाब म्हणजे आपली तांड्याची पंचायत. तू आता इंग्रजीत निकाल लिहिते म्हणून सांगून ठेवतो.) निवाडा करणारा नायक माहा बाप, बैल माह्या बापाचा, अन् साक्षीदार मी, त्याचा पोरगा. असं तुह्या कोर्टात चालते का नाही, मले मालूम नाही. मी सांगतलं, देवानं बैलावर बसून नाला पार केला, म्हणून बैल लंगडला. बैलावर बसलतो मी. तू त काठावर उभा राहून उतर, उतर म्हणत होता. बापानं तुले साऱ्यायसमोर डोकं टेकून माफी मांगाले लावली, तू म्हणला मांगत नाही, अन् चौथ्या दिवशी काकानं, म्हणजे तुह्या बापानं, तुही पेटी उचलून तुले शाळेत नेऊन सोडलं.

इतके वर्षं मी निवांत होतो, खोटं कायले बोलू. मागच्या मंगळवारी न्हाव्याच्या दुकानात पेपर पायला. तुह्या कोर्टानं एका माणसाले अठरा वर्षांनी सोडलं, कारण साक्षीदार खोटा निघाला. न्हावी गळ्यावर वस्तरा ठेवून म्हणते, नायक, हालू नका. मी हालत नव्हतो, कापत होतो. घरी आलो त तुहं पत्र येऊन पडलेलं: 'हार नको, सत्कार नको. नसाब भरवा, मला एका जुन्या विषयावर दोन शब्द बोलायचे आहेत.' आपला दुसरा जुना विषय आहे कोणता? लगेच फोन लावला. तुह्या माणसानं विचारलं, कोणत्या प्रकरणात? मी म्हणलं, बैलाच्या. अन् ठेवून देला.

देवा, मी आता बापाच्या जागी बसतो. भांडण घेऊन येते त्याले पहिले हेच सांगतो, का धजेखाली, सेवालालच्या झेंड्याखाली, खोटं बोलशीन त तांड्यात तोंड दाखवता येणार नाही. हे उघडं पडलं त उद्या माहं कोण ऐकन? साठीले टेकलेल्या माणसाले कोणती आश्रमशाळा घेते? म्हणून हात जोडतो, ये, जेव, हार घालून घे, अन् जुनं काढू नको. मी 'शिक्षणाची ओढ' लिहितो, तू मान डोलाव.

तुह्या भेवानं अर्धा झालेला,
शंकरसिंग

ता. क. पाकीट घेऊन पोस्टापर्यंत गेलतो, वापस आलो. 'ओढ' लिहून पायलं, खोडलं. तू बोलू नको, तुह्या आधी मीच बोलतो. फक्त खोट्या साक्षीले किती शिक्षा पडते थे कळव, घरी सांगून ठेवाले बरं.

ता. क. २. तांड्यासमोर बोलाच्या आधी काकीले सांगावं म्हणून गेलो. पायाजवळ बसून सारं सांगतलं, रडलो बी. काकी म्हणते, "मले तवाच मालूम होतं. तुही चड्डी ओली होती, देवाची कोरडी." मी म्हणलं, मंग त्या दिवशी बोलली काहून नाही? म्हणते, "बोलली असती त थो शाळेत गेला असता काय? माह्याच्यानं त्याले धाडणं होत नव्हतं, निकालानं धाडलं." आता ते बी भेऊन राह्यली. मले विचारते, शंकर, मालूम असून चूप बसणाऱ्याले किती शिक्षा असते? मी म्हणलं, काकी, चव्वेचाळीस वर्षांत तुहा पोरगा एका पोळ्याले घरी आला नाही, तुही शिक्षा भोगून झाली. तरी लिहून विचार, म्हणते. म्हणून विचारतो.