चौकीचा शर्ट

गारखेडा,
१२ मार्च २०२६

प्रिय निशा,

जयभीम. सम्यकचे बारावीचे पेपर कसे चाललेत? बजाजनगरात तुम्हाला पाणी नीट येतंय ना? आमचं इकडे ठीक. वडील, म्हणजे आमचे तात्यासाहेब, ऐंशी ओलांडली तरी दोन्ही वेळ भाकरी चापून खातात. फोनवर हे बोलणं मला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

कॉलेजात आम्ही जुन्या कपड्यांचं प्रदर्शन भरवतोय, हे तुला माहीत आहे. त्यासाठी जानेवारीत मी तात्यांचा औरंगपुऱ्यातला बंद पडलेला स्टुडिओ उघडला. एका पेटीत एकोणऐंशी सालातले पोलिसांचे फोटो निघाले. चौकीत पकडून आणलेल्यांचे फोटो तेव्हा तात्याच काढायचे. मी हरखलेच! बेलबॉटम, गालावर उतरलेले कल्ले, कुत्र्याच्या कानाएवढ्या कॉलरी. छातीवर पाटी धरूनही एकानं भांग कसा नीट पाडलेला. मारामारीत सापडलेला कुणा बड्या नानासाहेबांचा मुलगा तर वरातीला निघाल्यासारखा उभा आहे.

मग लक्षात आलं, तेवीस जणांच्या अंगात एकच शर्ट आहे. खांद्यावर फाटलेला, वरची दोन बटणं तुटलेला. माणसं वेगळी, तारखा वेगळ्या, शर्ट तोच. फोटोमागे नाव आणि जात लिहिलेली असायची. ते तेवीस जण कोणत्या वस्त्यांतले, हे तुला सांगायला नको.

तात्यांना विचारलं, तर सहज म्हणाले, "चौकीचा शर्ट व्हता तो. फौजदार म्हणायचे, इस्त्रीचे कपडे घातलेला चोर कुणाला पटंल? बदला ह्याचा अवतार."

आमच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांना फोटोपुरता घालायला एक कोट टांगलेला असायचा. तसा हा चौकीत टांगलेला. तात्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही.

निशा, त्या तेविसांत सखारामकाका आहेत. कुठल्याशा दुकानातल्या चोरीचा संशय, दोन दिवसांनी सुटका, एवढंच मागे लिहिलंय. तुझे बाबा पत्त्यांत शर्ट हरले नव्हते गं.

तुझ्या आईनं, केसरमावशींनी, ती गोष्ट आपल्याला किती वेळा सांगितली असेल! जयंतीसाठी शिवून घेतलेला टेरिलीनचा शर्ट, खिशावर त्यांनी स्वतः भरलेलं पिंपळपान, आणि दोन दिवस गायब होऊन नुसत्या बनियनवर घरी आलेले काका. पत्त्यांत हरलो म्हणाले. जन्मभर त्या काकांना जुगारी म्हणत राहिल्या आणि काकांनी ते मरेपर्यंत ऐकून घेतलं. अंगावरचा शर्ट पोलिसांनी उतरवला, हे बायकोला सांगण्यापेक्षा त्यांना जुगारी होणं सोपं वाटलं असेल.

आता जे टाळत होते ते लिहिते. माझ्या बारशाच्या फोटोत तात्या मला मांडीवर घेऊन बसलेत. अंगात लांब कॉलरचा शर्ट, खिशावर पिंपळपान. तो फोटो आमच्या आतल्या खोलीत असतो. तुला आमच्याकडे बैठकीच्या आत कधी कुणी बोलावलं नाही, म्हणून तू तो पाहिला नाहीस. मी रोज पाहत होते, तरी मला दिसला नाही.

"परत का नाही दिला?" मी विचारलं.

"आला व्हता की मागायला," तात्या म्हणाले. "दुकानात गिऱ्हाइकं व्हती. म्या म्हणलं, कोणता शर्ट? उभा राहिला जरासा, आन् गेला."

हे जानेवारीतलं. मावशी अठरा फेब्रुवारीला गेल्या. मधल्या काळात मी तीनदा त्यांना भेटायला आले होते. शेवटच्या खेपेला त्या म्हणाल्या, "जुगाऱ्यासंगं जल्म काढला बाई म्या." मी त्यांना संत्रं सोलून दिलं आणि गप्प बसले. तात्यांची अब्रू जाईल, तू तुटशील, याची भीती वाटली. मावशींच्या पुण्यानुमोदनाला तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, तेव्हाही तोंड उघडलं नाही. मरण्याआधी मावशींनी काकांना एकदा तरी चांगलं म्हटलं असतं. तेवढं मी होऊ दिलं नाही.

दोन्ही फोटो सोबत पाठवतेय. प्रदर्शनात लावायचे की पेपरात द्यायचे, ते तू ठरव. तात्यांना मी हे सांगितलंय. म्हणाले, "मेल्या माणसांचं कशाला उकरतीस?"

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं मी म्हणणार नाही. शिव्या दे, पण लिही.

तात्यासाहेबांची मुलगी,
तनुजा