गुलछडीच्या कंदांचे घटलेले वजन आणि माझ्यावरचा चोरीचा ठपका

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
शासकीय फुलझाड रोपवाटिका, मौजे बोरतळा,
ता. नायगाव, जि. नांदेड.

विषय : कंदांनी वाढीसाठी स्वतःचाच साठा वापरल्यामुळे माझ्यावर आलेला चोरीचा ठपका रद्द करून कामावर परत घेणेबाबत.
संदर्भ : मला कामावरून कमी केल्याचे आपले दि. ३०/०७/२०२५ चे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की, मी आपल्या रोपवाटिकेत कंत्राटी पर्यवेक्षक होते. चैत्रात मी गुलछडीचे एक क्विंटल कंद लावून घेतले. जुलैत, ऐन फुलोऱ्यात, आपण वाफे खणायला लावले, पाने व फुलांचे दांडे छाटून उकिरड्यावर टाकले आणि नुसते कंद काट्यावर ठेवले. साठ किलो भरले. बाकीचे चाळीस किलो मी घरी नेले, असा शोध आपण लावला.

२. कंदात पिष्ट साठवलेले असते. कोंब फुटला की त्याची साखर होते, ती वर चढते आणि पाने व दांडा उभा करते. पुढे तीच पाने नवे कंद भरतात, पण तेवढा धीर आपल्याला नव्हता. कणगीतले खाऊन लेकरू वाढले, तर कणगी रिती झाली म्हणून कुणी त्याच्या आईला चोर म्हणत नाही. आपल्या कार्यालयात म्हणतात.

३. हे मी समक्ष सांगितले, तेव्हा “सरकारी माल आपोआप कमी होत न्हाई,” असे आपण फर्मावले. हा नियम कंदांना कळवायचा राहून गेला, एवढी चूक मी मान्य करते.

४. परवा माझ्या सासूबाई उमाबाई यांनी विचारले, “पोरी, गाव तुला चोर म्हणायलंय. खरं हाय का?” लग्नानंतर मला बी.एस्सी. करू देणाऱ्या बाईला हे विचारावे लागले, यामुळे मला आपला फार राग आलेला आहे.

५. ते साठ किलो कंद आपण पुरावा म्हणून पोत्यात सीलबंद करून कपाटात ठेवले असून किल्ली आपल्याच खिशात असते. शिपाई मल्लेश सांगतात की, कपाटाच्या फटीतून हिरवे कोंब बाहेर आले आहेत. तरी पोते पंचांसमक्ष पुन्हा मोजावे. साठ किलो भरल्यास माझ्यावर खुशाल गुन्हा नोंदवावा. कमी भरल्यास तूट कुणाच्या नावे लिहायची, ते आपणच सांगावे.

आपला विश्वास नसला तरी
आपली विश्वासू,
(सही)
विशाखा आनंदराज गजभारे
दि. १८/०८/२०२५

सोबत : गुलछडीचा फुललेला दांडा, एक. (घरच्या कुंडीतला आहे.)