सोमवारची वशाट गोळी

प्रिय आये,

आज सोमवार, माझा उपास, आणि तरीही सकाळी मी वशाट गोळी गिळली! तू वरून पाहिलं असशीलच. पण रागावण्याआधी सगळं ऐकून घे. तेवढ्यासाठीच शाळेतून आल्या आल्या लिहायला बसले आहे.

उन्हाळ्याआधी माझा आवाज बसला. वर्गात मुलांना पाढे सांगतानासुद्धा घशातून शब्द ओढून काढावा लागे. चाळीने निदान करून टाकलं, "मोर्चात बोंबललीस, आता भोग!" मलाही ते पटलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा गेला, हा काय कमी मान? पण मग केस गळू लागले, तोंड सुजलं, खडू उचलायचाही कंटाळा येऊ लागला. आणि भर मे महिन्यात मी शाल मागितली, तेव्हा बाबा दचकलेच.

लालबागच्या उकाड्यात शाल पांघरून चुलीपाशी बसणारी एकच बाई त्यांना माहीत होती. तू!

त्यांनी मला ओढतच परळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, तपासण्या केल्या आणि समजावलं, "गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो, त्यावर सगळ्या अंगाची चाल ठरते. रस जास्त झाला तर काळीज धडधडतं, हात कापतात, खाऊनही माणूस वाळतं. कमी पडला की सगळंच मंदावतं."

बाबा शेवटी गिरणीतलेच. म्हणाले, "म्हंजे पट्टो सैल झालो?"

"अगदी तसंच!" बाई हसल्या.

आयोडीन कमी पडलं की असं होतं, हे मी वाचलं होतं. म्हटलं, आम्ही तर रोज मासे खातो. त्या म्हणाल्या, कधी कधी ग्रंथी आपोआपच झिजते, आणि हे दुखणं एकेका घरात चालत येतं. मग मी तुझी शाल, तुझी सूज, तुझा घोगरा आवाज, सगळं सांगितलं. "त्यांनाही बहुधा हेच असावं," त्या म्हणाल्या.

आये, मी तिथेच रडले, पण सुटल्यासारखं वाटून! म्हणजे तू आळशी नव्हतीस! आजी तुला कुंभकर्णाची बहीण म्हणायची, गिरणीत तुझ्या खात्यातल्या बायका म्हणायच्या कापसाच्या तुसाने घसा धरला, आणि तू नुसती मान डोलवायचीस. का गं? एकदा तरी म्हणायचंस, मला बरं वाटत नाही!

माझी गोळी सुरू झाली. रोज एक, जन्मभर. हळूहळू सूज उतरली, आवाज मोकळा झाला. पण गोळी बनते मेंढीच्या ग्रंथीपासून, म्हणजे वशाटच, आणि तेवढ्यात श्रावण आला. शेजारच्या पार्वतीकाकूंनी विचारलंच, "काय गो, श्रावणात वशाट खातंस?" झालं! जाताना तू मला एवढंच सांगितलं होतंस, "सोमवार सोडू नको." मी डबी फळीवर ठेवून दिली ती श्रावण संपेपर्यंत. आणि संपता संपता मी पुन्हा चुलीपाशी, शाल घेऊन!

डॉक्टरीणबाई खूप रागावल्या. "उपास पोटाला घडवा, ग्रंथीला नको!"

पुन्हा गोळी घेऊ लागले, पण सोमवारी हात अडायचा. आज सकाळीही डबी हातात घेऊन तशीच उभी होते. बाबांनी ती काढून घेतली, गोळी वाटीत ठेवली, शंकराच्या तसबिरीपुढे नैवेद्यासारखी दाखवली आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"देव काय औषधाक नडता? खा," ते म्हणाले. मग हळूच, "तुझ्या आवशीक ही गावली नाय गो."

मी गिळली. वर्गात आज पाढे अशा आवाजात म्हटले की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले!

तुझा सोमवार मी सोडणार नाही, आये. पण आधी गोळी, मग उपास. आणि यापुढे चाळीत कुठल्याही बाईला कोणी सुस्त म्हटलं, तर तिचा हात धरून मी तिला परळला नेईन.

तुझीच, खणखणीत आवाजाची,
सुलू